बारा गावचं पाणी प्यालेली एक कांजी

कागद-पेन्सिल घ्या. डावीकडे वर एक छोटी तिरकी रेघ काढा, वरून खाली डावीकडे झुकणारी. तिच्या साधारण मध्यापासून उजवीकडे एक आडवी रेघ ओढा. आता त्या आडव्या रेघेच्या थोडं वरून सुरुवात करून, तिला मधोमध छेदत, एक उभी रेघ सरळ खाली आणा. उभ्या रेघेच्या मध्यावर दुसरी आडवी, जरा आखूड. आणि शेवटी, उभी रेघ जिथे टेकली तिथे तिसरी आडवी, सगळ्यांत लांब. झालं. पाच रेघा, आणि एक जपानी कांजी तयार: 生.

रेघांचा क्रम बदलू नका बरं का. चीनमधली मुलं याच अक्षरात वरच्या दोन्ही आडव्या रेघा आधी काढतात आणि मग उभी. जपानी शाळेत एक आडवी झाली की लगेच उभी. अक्षर तेच, पण कुठल्या शाळेत गेलात ते हातावरून कळतं.

कागद जरा लांब धरून बघा. खालची लांब रेघ म्हणजे भुई. तिच्यातून वर आलेला कोंब, दोन्हीकडे पानं फुटलेली. तीन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर कोरलेल्या लिपीत हे चित्र याहून स्पष्ट दिसतं: खाली जमिनीची रेघ, वर रोप. अर्थही तिथूनच आला. उगवणं. जे उगवतं ते जन्मतं, जे जन्मतं ते जगतं, आणि जे नुकतं उगवलंय ते अजून कच्चं असतं. या कांजीचे जवळजवळ सगळे अर्थ एवढ्यात आले.

(कांजी म्हणजे 'हान लोकांची अक्षरं', चिनी अक्षरं. मी कांजी शिकते म्हटल्यावर आजीने विचारलं होतं, "सुती पातळांना घालतात ती? त्यात शिकायचं काय?")

अर्थ असा पाच मिनिटांत कळतो. घोडं अडतं ते उच्चारापाशी. नेहमीच्या वापरातल्या कांजींची जपान सरकारची एक यादी आहे. २०१० पासून तिच्यात २१३६ कांजी आहेत. त्या यादीत आपल्या या रोपासमोर बारा उच्चार लिहिलेत: सेइ, शोऽ, इकिरु, इकासु, इकेरु, उमारेरु, उमु, ओउ, हाएरु, हायासु, कि, नामा. बारा गावचं पाणी प्यालेलं अक्षर म्हणतात ते हेच. आणि जपानी मुलांना पहिलीत ज्या ८० कांजी शिकवतात, त्यांतली ही एक.

मी पुण्यात संध्याकाळच्या क्लासला जपानी शिकले. ही यादी मी देवापुढचं स्तोत्र म्हणावं तशी पाठ केली होती. झोपेतून उठवलं असतं तरी बाराही सांगितले असते. पण समोर छापील उतारा आला की बारांतला नेमका कुठला लावायचा, तेच कळेना. दोष पाठांतराचा नव्हता. मुळात पाठ करायची गोष्टच ती नव्हती.

पाढे आठवा. बे एके बे, बे दुणे चार. पाटीवर लिहिलेला असतो २. तो एकटा असला की 'दोन'. पाढ्याच्या तोंडाशी आला की 'बे'. गुणायला आला की 'दुणे'. २२ मध्ये बसला की दोघे मिळून 'बावीस', त्यात दोन कुठे ऐकूही येत नाही. तीनचं 'त्रिक' होतं, चारचं 'चोक'. आणि ७/१२ असं लिहिलेलं दिसलं की महाराष्ट्रातला कुणीही 'सातबारा'च म्हणतो, 'सात भागिले बारा' म्हणत नाही. आकड्यांच्या उच्चारांची यादी आपण कधी घोकली नाही. शब्द तोंडात आधीपासून होते, आकडा नुसता त्यांच्या अंगावर चढला.

कारण २ हे आवाजाचं चिन्हच नाही, अर्थाचं आहे. 'क' कुठेही लिहा, तो 'क'च वाचतात. २ मात्र नुसता दोनपणा दाखवतो, तोंडाने काय म्हणायचं ते शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतं. कांजी म्हणजे असले दोन हजारांवर आकडे. आपल्या रोपाला 'स्वतःचा' असा एकही उच्चार नाही. उच्चार आहेत ते शब्दांचे.

आकड्यांची ही उपमा आणखी थोडी पुढे जाते. आपण '२रा मजला' लिहितो तेव्हा 'दोनरा' कुणी वाचत नाही. त्या 'रा'च्या शेपटीमुळे 'दुसरा' म्हणायचं हे कळतं. १ला, २रा, ४था. शेपूट आवाजाच्या लिपीत, डोकं अर्थाच्या चिन्हात. जपानी लोक अगदी हेच करतात. कांजीच्या मागे हिरागाना लिपीतली शेपटी जोडतात, तिला ओकुरिगाना म्हणतात. आपल्या कांजीमागे 'किरु' दिसलं की वाचायचं 'इकिरु', म्हणजे जगणं. 'मारेरु' दिसलं की 'उमारेरु', जन्मणं. 'एरु' दिसलं की 'हाएरु', उगवणं: गवत, दात, मिशी, आणि पावसाळ्यात भिंतीवरची बुरशीसुद्धा. 'यासु' दिसलं की 'हायासु', मुद्दाम उगवू देणं, म्हणजे दाढी राखणं. नुसत्या 'के'ची शेपटी लावून पुढे फुलाची कांजी आली की 'इकेबाना'. आपण त्याला पुष्परचना म्हणतो, पण जपानी शब्दात रचनेपेक्षा फुलं जगवण्याचा भाव आहे. एवढ्या शेपट्या ओळखता आल्या की बारापैकी आठ उच्चारांची भीती संपली.

उरलेल्या चारांसाठी थोडा इतिहास लागतो. जपानला स्वतःची लिपी नव्हती, बोली मात्र होती. चिनी अक्षरं आली तेव्हा लोकांनी दोन्ही गोष्टी केल्या: अक्षराचा चिनी आवाज उचलला, आणि त्याच अर्थाचा आपला जुना शब्दही त्याच्यावर बसवला. चिनीवरून आलेल्या उच्चाराला 'ओन' म्हणतात, घरच्याला 'कुन'. मराठी माणसाला हे समजायला काहीच अडचण नाही. आपणही घरी पाणी पितो आणि सरकारी कागदावर जल लिहितो. खात्याचं नाव 'जलसंपदा' झालं तरी नळाला येतं ते पाणीच. जपानीतही दोन कांजी शेजारी चिकटून जोडशब्द झाला की बहुधा ओन उच्चार लागतो, आणि कांजी एकटी किंवा शेपटीसह आली की कुन.

आपल्या रोपाला ओन उच्चार दोन आहेत, सेइ आणि शोऽ, कारण चिनी आवाज जपानमध्ये दोन लाटांनी पोचले. पहिली लाट दक्षिण चीनकडून, बरीचशी कोरियामार्गे, बौद्ध धर्माच्या आगेमागे. दुसरी तांग राजवटीत. ६३० ते ८३८ या काळात जपानचे राजदूत चीनला जात होते आणि राजधानी छांगआनची नवी, 'शुद्ध' भाषा शिकून येत होते. नव्या उच्चारांनी जुने हाकलले जातील असं वाटलं असेल, पण मठांतले भिक्षू जुनंच म्हणत राहिले. म्हणून धर्माच्या वासाचे शब्द शोऽ लावतात आणि शाळा-कचेरीचे शब्द बहुतेक सेइ.

शोऽ-रोऽ-ब्योऽ-शि. जन्म, जरा, व्याधी, मृत्यू. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कोश उघडावा लागला नाही, कारण ही चौकडी आपल्याकडूनच तिकडे गेलेली. संस्कृतातल्या 'सत्त्व' या शब्दाचं, म्हणजे सगळ्या जिवांचं, चिनी भाषांतर जपानीत 'शुजोऽ' होतं, त्यातला 'जोऽ' म्हणजे आपलंच रोप. शोऽ-चा जोऽ कसा झाला? जगत्-चा जगदीशमध्ये जगद् होतो तसा, शेजारच्या संगतीने. वाढदिवसाच्या 'तान्जोऽबि'तही तोच जोऽ. 'ओऽजोऽ' म्हणजे देह ठेवून अमिताभ बुद्धाच्या सुखावती नावाच्या स्वर्गात जन्म घेणं. हा शब्द पुढे इतका घसरला की हिमवादळात महामार्गावर गाड्या अडकून पडल्या की बातमीत म्हणतात 'ताचि-ओऽजोऽ', उभ्याउभ्या मोक्ष. आपला 'कैलासवासी' कुणी खटारा गाडीला लावावा तसंच हे.

सेइच्या बाजूला सगळ्यांना माहीत असलेला शब्द 'सेन्सेइ'. आधी जन्मलेला. शिक्षकालाच नव्हे, डॉक्टरला, वकिलाला, पुढाऱ्यालाही सेन्सेइ म्हणतात, आपण 'सर' लावतो तसं आडनावामागे लावून. स्वतःला मात्र कुणी म्हणवून घेत नाही. 'गाकुसेइ' म्हणजे कॉलेजचा विद्यार्थी. 'सेइकात्सु' म्हणजे रोजचं जगणं, भाडं-भाजी-दूध. 'जिन्सेइ' म्हणजे आयुष्य, ज्याच्यावर रात्री उशिरा गप्पा होतात ते. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन-५, म्हणजे सगळ्यांत सोपी पातळी, देणाऱ्याला एवढे शब्द पुरेसे आहेत. उच्चार वेगळे पाठ न करता हेच शब्द वाक्यात घालून बोलत राहिलं, की सेइ आपोआप जिभेवर बसतो.

पण या कांजीची खरी गंमत 'नामा'त आहे. कोशात अर्थ देतात 'कच्चा', आणि मराठी माणूस तिथेच फसतो. नामा-तामागो म्हणजे कच्चं अंडं, इथवर ठीक. नामा-बिइरु? कच्ची बिअर नव्हे, तापवण्याची प्रक्रिया न केलेली बिअर, मग ती बाटलीतली असो की नळाची. जपानी मंडळी उपाहारगृहात बसली की मेनू उघडायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "तोरिआएझु नामा", तूर्तास नामा येऊ द्या. नामा-होऽसोऽ म्हणजे थेट प्रक्षेपण. नामा-गोमि म्हणजे चक्क आपला ओला कचरा. कच्चा, ताजा, थेट, ओला: मराठीत चार शब्द लागले. जपानी डोक्यात मात्र ती एकच कल्पना आहे, मध्ये कशाचाही हात न लागलेलं. ना आगीचा, ना यंत्राचा, ना ध्वनिफितीचा.

आणि हात न लागलेलं म्हणजे अर्धवटही. पेपर वाचता वाचता नवरा "हं, हं" करतो ना, त्याला जपानीत नामा-हेन्जि म्हणतात, कच्चं उत्तर. नामा-इकि म्हणजे आगाऊ, अजून पिकला नाही तरी मोठ्यांसारखा बोलणारा. 'नामा-ब्योऽहोऽ वा ओऽकेगा नो मोतो' अशी म्हण आहे: कच्ची युद्धविद्या हेच मोठ्या जखमेचं मूळ. आपणही 'गणितात कच्चा' म्हणतोच, इथे दोन्ही भाषांची वाट एक होते.

'कि' हा उच्चार नामाचा सोवळ्यातला भाऊ. अर्थ तोच, काही न मिसळलेलं, पण कौतुकाने. कि-इतो म्हणजे कच्चं रेशीम. कि-माजिमे म्हणजे नको तितका प्रामाणिक आणि गंभीर माणूस, ज्याला विनोद समजावून सांगावा लागतो. एकच अक्षर, एकच अर्थ. नामा म्हटलं की त्यात काहीतरी व्हायचं राहिलंय, कि म्हटलं की त्यात काही घालायचं नाही. हे भान यायला मला काही वर्षं गेली, आणि ते यादीतून आलं नाही.

आता माझी फजिती. चाकणच्या एका कारखान्यात मी दुभाषी होते. पिंपरी-चिंचवड, चाकण भागात वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या जवळजवळ कुठल्याही शॉपमध्ये जा, भिंतीवर 'फाइव्ह-एस'ची पाटी असते: सेइरि, सेइतोन, सेइसोऽ, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, झाडा, स्वच्छ ठेवा, शिस्त पाळा. जपानी न येणारा ऑपरेटरही हे पाच शब्द धडाधड म्हणतो. एका शुक्रवारी मला जपानी साहेबांना मेल करायची होती: "उद्या स्टोअररूमचं सेइरि आहे." संगणकावर जपानी लिहिताना आवाज टाइप करायचा आणि स्पेस दाबून कांजी निवडायची असते. मी घाईत जी पहिली आली ती घेतली. पहिली कांजी आपलं रोप, दुसरी 'रि', म्हणजे तर्क, नियम. सेइरि. उच्चार बिनचूक. फक्त या सेइरिचा अर्थ शरीराचा नियम, आणि रोजच्या बोलण्यात मासिक पाळी. उद्या स्टोअररूमची पाळी आहे, असं मी पाच जणांना कळवलं होतं.

साहेबांनी उत्तरात एका शब्दाचाही उल्लेख केला नाही. फक्त खाली वाक्य पुन्हा लिहिलं होतं, बरोबर कांजी घालून.

त्या बरोबर कांजीकडे मी मग नीट पाहिलं. पाटीवरच्या सेइरिच्या आणि सेइतोनच्या सुरुवातीला एकच अक्षर आहे, आणि त्याच्या तळाशी 'योग्य' या अर्थाची एक छोटी कांजी बसलेली आहे, जिचा स्वतःचा आवाजही सेइ आहे. ती तिथे बरीचशी आवाज सांगायला बसलीय. बहुसंख्य कांजी अशाच बनल्या आहेत, एक तुकडा अर्थाचा इशारा देतो आणि दुसरा आवाजाचा. आपलं रोपही हे काम करतं. त्याच्या डावीकडे स्त्रीची कांजी लावा, झालं आडनाव, उच्चार सेइ. डावीकडे मनाची खूण लावा, झाला स्वभाव, उच्चार सेइ. डोक्यावर सूर्य ठेवा, झाला तारा. तारा एकटा असला की घरचा शब्द 'होशि', पण जोडशब्दात सेइ.

आणि निळ्या-हिरव्या रंगाची एक कांजी आहे, एकटी 'आओ', जोडशब्दात सेइ. तिच्या जुन्या रूपात वरच्या बाजूला आपलंच रोप होतं, झिजून झिजून आता तिरकी रेघ गेली, तीन आडव्या आणि एक उभी उरली. त्या कांजीच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब लावले की 'स्वच्छ', पुन्हा सेइ. आणि हीच स्वच्छ कांजी पाटीवरच्या सेइसोऽ आणि सेइकेत्सुच्या तोंडाशी आहे. म्हणजे शॉपच्या भिंतीवर आपल्या रोपाची नातवंडं रोज माझ्या डोळ्यांसमोर लटकत होती, आणि मला पत्ताच नव्हता. पाचवी, शित्सुके, वेगळ्याच घराण्यातली: 'शरीर' आणि 'सुंदर' या दोन कांजी शेजारी ठेवून जपान्यांनी घरीच बनवलेलं अक्षर.

राहिली विशेषनामं. तिथे सगळे नियम गुंडाळून ठेवायचे. दोनदा ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारा स्केटर युझुरु हान्यू आणि शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या पटावरचा दिग्गज योशिहारु हाबु, दोघांची आडनावं कागदावर हुबेहूब एक आहेत: आधी पंखाची कांजी, मग आपलं रोप. एकाकडे ते 'न्यू' झालं, दुसऱ्याकडे 'बु'. माजी पंतप्रधान तारोऽ आसोऽ यांच्या आडनावात ते 'सोऽ' आहे. हिरवळीला 'शिबाफु' म्हणतात, त्यात ते 'फु'. सरकारी बारांत यांतला एकही नाही. हे सातबाराच्या जातीचे शब्द, अख्खेच्या अख्खे ओळखायचे. जपानी लोकांनाही अनोळखी नाव वाचता येईलच याची खात्री नसते, म्हणून तिथल्या अर्जांवर नावाच्या चौकटीवर उच्चार लिहायला वेगळी ओळ असते, तिला फुरिगाना म्हणतात.

टोकियोच्या पश्चिमेला ओऽमे लाइनवर एक स्टेशन आहे. पहिली कांजी 'फुकु', भाग्य, दुसरी आपलं रोप. डब्यातल्या नकाशावर ते नाव पाहून मी मनात 'फुकुसेइ' म्हटलं, मग 'फुकुशोऽ', मग 'फुकुओ'. शेजारी ओसाकाहून आलेली सहकारी होती, जन्माने जपानी, तिला विचारलं. तिने मान तिरकी केली, हवेत बोटाने पाच रेघा काढल्या आणि म्हणाली, "काय बरं असेल?" गाडी थांबली. फलाटावरच्या पाटीवर हिरागानात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: फुस्सा.

"फुस्सा!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो.